कर्कपेशींची साखरेची भूक

पेट स्कॅनसाठी आलेल्या कर्करुग्णाला चार ते सहा तास उपाशी राहावयास सांगितलेले असते. प्रथम बोटाला टोचून त्याच्या रक्तातील साखर पाहिली जाते. त्यानंतर शिरेतून एक औषध देऊन त्याला सुमारे तासभर एका शांत खोलीत बसवून ठेवतात. या वेळात फार बोलू नये, येरझारा घालू नयेत, अशी सूचना असते. अनेकांना हा रुग्णालयीन शिस्तीचा भाग वाटतो. प्रत्यक्षात त्यामागचे कारण पेशींच्या रसायनशास्त्रात आहे. जे टोचले जाते ते किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज, म्हणजे एक प्रकारची साखरच असते. हालचाल करणारा स्नायू ती ओढून घेतो. जेवण झालेले असेल, तर शरीरात इन्शुलिन वाढून ती स्नायूंकडे आणि हृदयाकडे वळते. शरीर उपाशी व स्वस्थ असेल, तर मात्र ज्या पेशींना साखरेची सर्वाधिक भूक असते त्यांच्याकडे ती जाते आणि तासाभराने घेतलेल्या चित्रात त्या जागा गडद ठिपक्यांसारख्या उठून दिसतात.

कर्कपेशींच्या या भुकेचा शोध लागून आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. त्यातून एकीकडे निदानाचे हे अत्यंत उपयुक्त साधन वैद्यकाच्या हाती आले. दुसरीकडे ‘साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो’ हा समज रूढ झाला आणि आज तो मोबाइलवरील संदेशांतून घरोघरी फिरत असतो. निरीक्षण एकच आहे, निष्कर्ष दोन निघाले, आणि त्यातला एकच टिकला. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर पेशी आपली ऊर्जा कशी मिळवते तिथपासून सुरुवात करावी लागते.

पेशीची चूल

रक्तातून आलेले ग्लुकोज पेशीत शिरले, की दहा टप्प्यांत त्याचे विघटन होऊन पायरुव्हेट हा पदार्थ तयार होतो. या टप्प्यांना प्राणवायू लागत नाही आणि ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूमागे एटीपीचे दोन रेणू पदरात पडतात. एटीपी हे पेशीचे सुटे नाणे. स्नायूंचे आकुंचन असो, मज्जातंतूतील संदेश असो वा नव्या प्रथिनाची जुळणी असो, पेशीतील बहुतेक व्यवहार याच नाण्यात चुकते होतात. पुढे प्राणवायू उपलब्ध असेल, तर पायरुव्हेट पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियांमध्ये जाते, तिथे त्याचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते आणि एका ग्लुकोजमागे मिळणाऱ्या एटीपींची एकूण संख्या तीसच्या आसपास पोहोचते. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा ३६ किंवा ३८ असा दिलेला आढळेल. नंतरच्या मोजमापांनी तो खाली आणला.

प्राणवायू नसेल, तर पायरुव्हेटचे लॅक्टिक आम्ल होते. जीव तोडून धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत हेच घडते. दुधाला विरजण लावल्यावर जंतू दुधातील साखरेचे जे करतात तेही हेच. या प्रकाराला किण्वन म्हणतात. ते झटपट होते, परंतु अतिशय उधळे असते, कारण साखरेतील बहुतेक ऊर्जा न वापरताच बाहेर टाकली जाते. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, की यीस्टला हवा मिळाली की ते किण्वन आवरते घेते. पुरेसे सरपण जळत असताना अर्धवट जळलेली लाकडे कोणी फेकून देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

जाता जाता एक नोंद करावयास हवी. स्नायूंतून एटीपी वेगळे काढण्याचे श्रेय १९२९ साली दोन ठिकाणी झालेल्या कामाला जाते. एक जर्मनीतील कार्ल लोहमान यांचे आणि दुसरे हार्वर्डमधील सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले हे सुब्बाराव पुढे कर्करोगाच्या कथेत पुन्हा, आणि अधिक मोठ्या भूमिकेत येतात.

बर्लिनमधील प्रयोग

ओटो वारबुर्ग हे बर्लिनमधील एका नामवंत भौतिकशास्त्रज्ञाचे पुत्र. तरुणपणी, १९०८ च्या सुमारास, त्यांनी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर प्रयोग केले होते. अंडे फळले, म्हणजे त्याच्या वाढीस प्रारंभ झाला, की त्याचा प्राणवायूचा वापर अनेक पटींनी वाढतो, असे त्यांना आढळले. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते. १९१८ साली आईनस्टाईन यांनी त्यांना पत्र लिहून, तुमच्यासारख्याने आघाडीवर जीव धोक्यात घालण्याऐवजी प्रयोगशाळेत परतावे, असा आग्रह धरला होता. परतल्यावर वारबुर्ग यांनी वाढीचाच प्रश्न पुन्हा हाती घेतला. वाढणारे अंडे जास्त प्राणवायू वापरते, तर बेसुमार वाढणारी कर्कग्रंथीही तसेच करीत असली पाहिजे, ही त्यांची अपेक्षा.

उंदराच्या अर्बुदाचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप घेऊन त्यांनी ते द्रवात ठेवले आणि दाबमापकाच्या साहाय्याने किती वायू शोषला व सोडला जातो हे मोजले. काप पातळ असणे महत्त्वाचे होते, अन्यथा प्राणवायू आतपर्यंत पोहोचलाच नाही अशी शंका राहिली असती. अपेक्षा फसली. प्राणवायूचा वापर विशेष वाढलेला नव्हता. वाढले होते ते लॅक्टिक आम्ल, आणि तेही भरपूर प्राणवायू असताना. ज्या परिस्थितीत यीस्टदेखील किण्वन आवरते, त्या परिस्थितीत अर्बुदाच्या पेशी साखर ओढून घेत होत्या आणि ती अर्धवट वापरून टाकून देत होत्या.

काचपात्रातील कापांत घडते ते जिवंत शरीरात घडत असेलच असे नाही, हा आक्षेप अर्थातच निघाला. त्याला १९२५ साली कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने एक साधे, देखणे उत्तर दिले. एका पंखात अर्बुद असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारे रक्त त्यांनी तपासले. अर्बुदाच्या बाजूच्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त भरले. एकाच प्राण्यात निरोगी व रोगी बाजूंची अशी शेजारी शेजारी तुलना झाल्यावर निरीक्षणाबद्दल वाद उरला नाही.

वाद उरला तो कारणाबद्दल. वारबुर्ग यांचे म्हणणे असे, की कर्कपेशींची श्वसनयंत्रणा, म्हणजे प्राणवायू वापरून साखर जाळण्याची व्यवस्था, कायमची बिघडलेली असते. त्यामुळे पेशी नाइलाजाने किण्वनाकडे वळते आणि हा बिघाड हेच कर्करोगाचे मूळ. १९३१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते श्वसनातील विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या शोधाबद्दल, कर्करोगाच्या सिद्धांताबद्दल नव्हे. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावी लागते, कारण ‘कर्करोगाचे खरे कारण शोधून नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला जगाने दडपले’ अशा आशयाचा मजकूर आजही औषधविक्रेत्या मंडळींकडून पसरवला जातो. दडपणे तर दूरच. वडिलांकडून ज्यू वंशाचे असूनही ते नाझी राजवटीत बर्लिनमध्येच काम करीत राहिले. १९४१ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि काही आठवड्यांतच परत घेण्यात आले. १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आणि १९६६ मध्ये लिंडाऊ येथील नोबेल विजेत्यांच्या मेळाव्यात त्यांनी आपला सिद्धांत पूर्वीच्याच ठामपणे मांडला. १९७० साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्यांच्या मतात फरक पडलेला नव्हता.

फरक पुराव्यात पडला होता. सिडनी वाइनहाउस यांनी १९५६ सालीच दाखवून दिले, की बहुतेक अर्बुदांतील पेशी प्राणवायू व्यवस्थित वापरतात. त्यांच्या तंतुकणिका शाबूत असतात. चूल बिघडलेली नव्हती. चूल पेटती असतानाही पेशी सरपण अर्धवट जाळून फेकत होती, आणि हे कोडे वारबुर्ग यांच्या उत्तराहून अधिक अवघड होते.

जनुकांचे युग आणि चयापचयाचे पुनरागमन

त्यानंतर हा विषय मागे पडला. कर्करोग संशोधनाचे सारे लक्ष जनुकांकडे वळले. मायकेल बिशप व हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९७६ साली दाखवले, की कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूतील जनुक मुळात निरोगी पेशीतलेच असते. पुढील दोन दशकांत अशी अनेक जनुके सापडली आणि कर्करोग हा जनुकांतील उत्परिवर्तनांचा रोग आहे ही मांडणी पक्की झाली. पेशी साखरेचे काय करते, हा प्रश्न जुन्या पिढीच्या जीवरसायनशास्त्रज्ञांपुरता उरला. ‘वारबुर्ग परिणाम’ हे नाव तेवढे १९७२ मध्ये एफ्रेम रॅकर यांनी देऊन ठेवले. २००० साली हानाहान व वाइनबर्ग यांनी कर्करोगाची सहा प्रमुख लक्षणे सांगणारा जो गाजलेला लेख लिहिला, त्यातही ऊर्जा-चयापचयाला स्थान नव्हते. २०११ च्या सुधारित लेखात ते आले.

मधल्या काळात काय घडले? जनुकांचा माग काढीत गेलेले संशोधक फिरून साखरेपाशीच येऊन पोहोचले. अनेक अर्बुदांत अतिसक्रिय असणारे मिक नावाचे जनुक लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या विकराचे उत्पादन वाढवते, असे ची व्हॅन डँग यांच्या गटाला १९९७ मध्ये दिसले. प्राणवायू कमी पडताच पेशी ज्या प्रथिनाच्या आज्ञेने किण्वनाकडे वळते, ते ‘हिफ’ हे प्रथिन ग्रेग सेमेन्झा यांनी शोधले होते. त्या प्रथिनाला आवर घालणारे जनुक निकामी झाले, की प्राणवायू भरपूर असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते आणि मूत्रपिंडाच्या एका प्रकारच्या कर्करोगात नेमके असेच होते. या कामाबद्दल सेमेन्झा, विल्यम केलिन व पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ चे नोबेल मिळाले. तात्पर्य, किण्वनाचा आदेश बिघडलेल्या तंतुकणिकांकडून नव्हे, तर बिघडलेल्या जनुकांकडून येत होता. वारबुर्ग यांनी परिणामाला कारण मानले होते.

तरीही ‘का’ उरतेच. एवढी उधळपट्टी पेशीला परवडते कशी? व्हँडर हायडेन, कँटली व थॉम्पसन यांनी २००९ मध्ये दिलेले उत्तर आज सर्वाधिक मान्य आहे. विभाजन पावणाऱ्या पेशीला ऊर्जेपेक्षाही बांधकामाच्या सामानाची निकड असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर डीएनए, प्रथिने, पेशीपटलातील मेदपदार्थ, सारे दुप्पट करावे लागते आणि त्यासाठी कार्बन हवा. लाकूड चुलीत घातले तर ऊब मिळते, परंतु दारे-खिडक्या करायच्या असतील, तर ते जाळून चालत नाही. साखरेचे पूर्ण ज्वलन केले, तर तिच्यातील कार्बन धुरासारखा निघून जातो. तिला विघटनाच्या मधल्या टप्प्यांवर अडवले, तर त्या टप्प्यांवरून न्यूक्लिओटाइडे, अमिनो आम्ले व मेद यांच्याकडे जाणाऱ्या वाटा फुटतात. ही व्यवस्था कर्कपेशींनी निर्माण केलेली नाही. संसर्गाला तोंड देताना झपाट्याने वाढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशीही तेच करतात. कर्कपेशीत एवढाच फरक, की एरवी गरजेपुरता होणारा हा बदल तिथे थांबतच नाही.

हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण पूर्ण नाही. कर्कपेशीने घेतलेल्या साखरेतील बराचसा कार्बन अखेर लॅक्टिक आम्ल म्हणून बाहेरच टाकला जातो, मग सामान वाचले कुठे? काहींच्या मते उत्तर वेगात आहे, कारण किण्वन उधळे असले तरी जलद असते. काहींच्या मते पेशीतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब जुळवण्यासाठी लॅक्टिक आम्ल तयार होणे अपरिहार्य ठरते. शिवाय प्रत्यक्ष रुग्णांतील अर्बुदे काचपात्रातल्या पेशींहून निराळी वागतात. डॅलस येथील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी खूण केलेले ग्लुकोज देऊन नंतर काढलेल्या गाठी तपासल्या. २०१६ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले, की त्या गाठी ग्लुकोजचे किण्वन करतात, तसेच ते जाळतातही, आणि रक्तातील लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून वापरतात. २०१५ मधील एक प्रयोग तर अधिक बोलका आहे. तंतुकणिकांतील डीएनए काढून टाकलेल्या कर्कपेशी उंदरांत टोचल्या असता त्यांची गाठ धरण्यास फार उशीर लागला. गाठी वाढल्या त्या या पेशींनी उंदराच्या निरोगी पेशींकडून तंतुकणिकांचा डीएनए मिळवल्यावरच. श्वसन बिघडल्याने कर्करोग होतो म्हणावे, तर या पेशी श्वसनासाठी उसनवारी करीत होत्या.

एका विकराची करामत

वारबुर्ग यांच्या सिद्धांताला अर्धेमुर्धे समर्थन मिळाले ते भलत्याच दिशेने. तंतुकणिकांतील ज्वलनचक्रात काम करणाऱ्या एका विकराचे जनुक निकामी झाल्याने मानेतील व अन्यत्रच्या विशिष्ट गाठी आनुवंशिकतेने होतात, असे २००० साली आढळले. अशाच दुसऱ्या एका विकराचा संबंध २००२ मध्ये मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक कर्करोगाशी जोडला गेला. म्हणजे काही मोजक्या कर्करोगांत मूळ बिघाड खरोखरच चयापचयाच्या यंत्रणेत असतो.

सर्वांत उद्बोधक उदाहरण आयडीएच या विकराचे. २००८ मध्ये मेंदूतील अर्बुदांच्या जनुकांची सविस्तर तपासणी झाली तेव्हा त्यांतील काहींत या विकराच्या जनुकात ठरावीक जागी बदल आढळला. पुढच्याच वर्षी असा बदल रक्ताच्या एका तीव्र कर्करोगातही सापडला. बदललेले विकर नुसते मंद झालेले नव्हते. ते दोन-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा, निरोगी पेशीत नाममात्र असणारा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करू लागले होते. हा पदार्थ डीएनएवरील रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतो. खुणा साचत जातात, पेशी प्रौढ होण्याचे विसरते आणि विभाजनाच्या अवस्थेतच अडकून राहते. येथे प्रश्न ऊर्जेच्या टंचाईचा नाही. चयापचयातील एक चुकार पदार्थ थेट जनुकांच्या वाचनात ढवळाढवळ करतो, असा हा प्रकार आहे.

त्याचे फळ रुग्णांपर्यंत पोहोचले आहे. या विकराला अडवणारी औषधे रक्ताच्या तीव्र कर्करोगासाठी अमेरिकेत २०१७ व २०१८ मध्ये मान्य झाली. मेंदूतील मंदगती अर्बुदांसाठी व्होरासिडेनिब हे औषध ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य झाले. ३३१ रुग्णांवरील चाचणीत रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ या औषधाने ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला. ही अर्बुदे बहुधा ऐन तारुण्यात होतात आणि रुग्णाला लवकरच किरणोपचार घ्यावे लागतात. ते वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलता येणे, ही त्या वयात लहान गोष्ट नाही.

साखर सोडल्याने काय होते

आता त्या प्रचलित समजाकडे वळता येईल. कर्कपेशी साखरेवर जगतात, तर रुग्णाने साखर, भात, पोळी सोडावी, हे तर्कदृष्ट्या सरळ वाटते. अडचण अशी, की आहारातील साखर आणि रक्तातील साखर यांच्यामध्ये यकृत बसलेले असते. माणूस दिवसभर उपाशी राहिला तरी रक्तातील ग्लुकोज फारसे खाली जात नाही, कारण यकृत साठ्यातून आणि साठा संपल्यावर अमिनो आम्लांपासून ते तयार करीत राहते. मेंदू व तांबड्या पेशी त्यावर अवलंबून असल्याने शरीराला दुसरा पर्यायच नाही. ही अमिनो आम्ले येतात स्नायूंतून. म्हणजे रुग्ण उपाशी राहतो, त्याचे स्नायू झिजतात आणि गाठीला तिचे ग्लुकोज मिळतच राहते. अर्बुदाने टाकलेले लॅक्टिक आम्लही यकृत उचलते आणि ऊर्जा खर्चून त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. कोंबडीच्या पंखाचा प्रयोग करणाऱ्या कोरी दांपत्याचेच नाव या चक्राला आहे. त्यातच बऱ्याच अर्बुदांना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आणि मेदाम्लेही चालतात. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतल्यानेही काही साधत नाही. पचनानंतर त्यांतूनही ग्लुकोजच मिळते.

वजन घटणे हे कर्करुग्णाच्या दृष्टीने आधीच मोठे संकट असते. अशक्त रुग्णाला केमोथेरपीची पूर्ण मात्रा सोसत नाही, मग मात्रा कमी करावी लागते किंवा चक्र पुढे ढकलावे लागते. घरच्यांनी प्रेमापोटी ताटातले पदार्थ एकेक करून काढून घ्यावेत आणि त्याची किंमत उपचारांनी मोजावी, असे होऊ नये. आहारातील कोणताही मोठा बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावा, या सल्ल्याला म्हणून अर्थ आहे. मधुमेही रुग्णाने साखर आटोक्यात ठेवणे ही वेगळी बाब झाली. ती आवश्यकच आहे.

कर्करोग होण्यापूर्वीच्या काळात मात्र आहाराचा संबंध निश्चित आहे, फक्त तो चमचाभर साखरेशी नसून वाढत्या मेदाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त मेदाचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी जोडला. रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे त्यांतले काही. स्थूलतेत इन्शुलिनची पातळी चढी राहते आणि पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या यंत्रणांना ते चालना देते, हे त्याचे एक संभाव्य कारण.

या क्षेत्रात सरळ वाटणारा तर्क किती वेळा फसतो, याची दोन उदाहरणे पुरेत. मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, असे २००५ पासून अनेक पाहण्यांत दिसत होते आणि मोठ्या आशा निर्माण झाल्या होत्या. स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांवर काळजीपूर्वक चाचणी घेतली गेली, तेव्हा २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की औषधाने काहीही फरक पडलेला नाही. दुसरे उदाहरण कीटोजेनिक, म्हणजे भरपूर मेद व अत्यल्प पिष्टमय पदार्थ असलेल्या आहाराचे. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात अशा आहाराने विशिष्ट कर्करोगविरोधी औषधाचा प्रभाव वाढला, कारण त्या औषधामुळे वाढणारे इन्शुलिन त्याने रोखले. त्याच अभ्यासात, औषधाविना नुसताच तो आहार दिल्यावर रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांत रोग उलट अधिक वेगाने बळावला. संदेश पाठवणारे पहिला भाग पाठवतात.

उपासमारीची खरी औषधे

कर्कपेशींना उपाशी मारण्याची कल्पना मुळातच चुकीची आहे असे नव्हे. ती ताटातून साधत नाही इतकेच. औषधांतून ती साधल्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. येथे सुब्बाराव पुन्हा येतात. हार्वर्ड सोडून लेडर्ली या औषध कंपनीत गेल्यावर त्यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशीत गेल्यावर त्याचे काम अडवणारे रेणू तयार केले. फॉलिक आम्लाविना पेशीला डीएनएची सामग्री तयार करता येत नाही. त्यातला अमिनोप्टेरिन हा रेणू बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ बालकांना दिला. त्यातील दहांत रोग काही काळ मागे हटला. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव यांचे निधन झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरले जाते.

बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाणारे अ‍ॅस्परॅजिनेज हेही असेच औषध. गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांतील अर्बुदे विरघळतात, हे १९५३ मध्ये योगायोगाने लक्षात आले होते आणि त्यातील गुणकारी घटक हा विकर असल्याचे १९६१ मध्ये उमगले. तो रक्तातील अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल नष्ट करतो. निरोगी पेशी ते स्वतः तयार करू शकतात, या कर्करोगाच्या पेशींना ते पुरेसे जमत नाही. उपासमार करायची ती अशी, ज्या पदार्थावाचून फक्त रोगी पेशीचेच अडते तो पदार्थ हेरून.

ग्लुकोजबाबत ही निवड जमत नाही. २-डीजी या साखरेसारख्या रेणूने किण्वन रोखण्याचे प्रयत्न दीर्घकाळ झाले. दिल्लीतील संरक्षण संशोधन संघटनेच्या आण्विक औषध संस्थेत मेंदूच्या अर्बुदांवर किरणोपचारासोबत त्याचा अभ्यास झाला होता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, पाण्यात विरघळवून घेण्याची जी पुडी आणीबाणीच्या वापरासाठी मान्य झाली, ती याच रेणूची. कर्करोगात मात्र ते रूढ औषध होऊ शकलेले नाही, कारण गाठीची साखर तोडू पाहणारी मात्रा साखरेवरच चालणाऱ्या मेंदूलाही जाणवते.

गडद ठिपक्याचा अर्थ

जे उपचाराला जमले नाही ते निदानाने साधले. २-डीजीलाच किरणोत्सारी फ्लोरिन जोडले, की एफडीजी तयार होते. ते ग्लुकोजच्याच दाराने पेशीत शिरते, पहिल्या टप्प्याचा विकर त्याला फॉस्फेट चिकटवतो, पण पुढच्या टप्प्यावर ते अडते आणि पेशीतच साठून राहते. १९७६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ते प्रथम माणसाला देण्यात आले, आणि तेव्हाचा उद्देश मेंदूचा अभ्यास हा होता. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे असल्याने ते साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉन हाताशी असावा लागतो. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला आणि भारतातील रुग्णांना ही तपासणी उपलब्ध झाली.

अहवाल हाती पडताच घाबरून जाणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर खाणारी प्रत्येक जागा कर्करोगाची नसते. मेंदू तर नेहमीच उजळलेला असतो, म्हणून मेंदूतील गाठींसाठी ही तपासणी तितकीशी उपयोगी पडत नाही. मूत्राशयात औषध साचते. संसर्गाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशीही साखर ओढतात, आणि आपल्याकडे त्यात क्षयरोग मोठाच आहे. छातीतील क्षयाच्या गाठी आणि कर्करोग पसरलेल्या गाठी चित्रात हुबेहूब सारख्या दिसू शकतात, त्यामुळे सुईने तुकडा काढून पाहिल्याखेरीज अनेकदा निर्णय देता येत नाही. याउलट प्रोस्टेटचे अनेक कर्करोग साखरेत फारसा रस घेत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे किरणोत्सारी औषध वापरावे लागते.

या तपासणीचा कदाचित सर्वांत मोलाचा उपयोग उपचार चालू असताना होतो. हॉजकिन लिंफोमासारख्या रोगात केमोथेरपीच्या दोन चक्रांनंतर पुन्हा पेट स्कॅन करतात. गाठ आकाराने अजून तेवढीच असेल, पण तिची साखरेची भूक मेलेली असेल, तर औषध लागू पडले असे समजून पुढील उपचार सौम्य करता येतात. भूक कायम असेल तर ते वाढवावे लागतात. त्यासाठी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात गाठीच्या गडदपणाची तुलना करायची असते ती त्याच रुग्णाच्या यकृताच्या गडदपणाशी.